जुना सोल्डरिंग आयर्न भट्टीसारखा तापतोय? खोलायच्या आधी ओहम मोजा

सगळ्यात आधी पिन सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, जुन्या घरात स्विच कधी कधी न्यूट्रलला लावलेला असतो आणि फेज तसाच आयर्नमध्ये बसून असतो, आमच्याच ओसरीवरच्या बोर्डात असं निघालंय. पिन काढा, आयर्न स्टँडवर ठेवा, वीसेक मिनिटं हात लावू नका, तोवर हे वाचून काढा.

माझ्याकडचा आयर्न नानांचा आहे. नाना म्हणजे माझे चुलते, अमळनेरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, ट्रान्झिस्टरचा जमाना गेला तसं दुकानही गेलं आणि सामान बिस्किटाच्या डब्यात भरून माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत डबा खाली आला. लाकडी मूठ, सुती विणीची वायर, टू पिन, नळीवर ३५ वॅट एवढंच कोरलेलं दिसतंय, कंपनीचं नाव घासून गेलेलं. मी म्हणलं मस्त, असा माल आता मिळत नाही, आणि लावला. दहा मिनिटांत बिट, म्हणजे सोल्डर वितळवणारं पुढचं तांब्याचं टोक, काळंठिक्कर. सोल्डर टेकवलं की त्याची गोळी होऊन टुणकन खाली, सोल्डरमधल्या राळेचा धूर एकदम फस्स करून वर, आणि एका जुन्या ट्रान्झिस्टरच्या तपकिरी पीसीबीला (पार्ट बसवलेल्या सर्किटच्या बोर्डाला) टेकवला तर तांब्याचा ट्रॅकच उचलून आला, खाटेवरचा वाळलेला पापड सुटतो ना तसा. तपकिरी जुन्या बोर्डांवर तांबं नुसतं चिकटवलेलं असतं, जास्त उष्णता त्याला सहनच होत नाही, त्यामुळे चूक बोर्डाची नव्हती.

आता "जास्त तापतो" म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. एक, बिटच जास्त गरम, म्हणजे माझ्यासारखं: बिट सारखं काळं पडतं, ताजं लावलेलं सोल्डर दोन-चार सेकंदात चकाकी सोडून पिवळट-निळसर होतं, राळ लगेच जळून काळी खपली धरते. दुसरं म्हणजे मूठ हातात धरवत नाही, नळी लालसर दिसायला लागते, पण सोल्डर मात्र धड वितळत नाही. या दुसऱ्यात एलिमेंट, म्हणजे नळीतली तापणारी तार, बिचारं बरोबर असतं, बिट आणि नळीच्या मध्ये तांब्याची जळकी खपली साचलेली असते, तिच्यातून उष्णता पुढे जात नाही आणि सगळी मागे मुठीकडे येते. यासाठी एलिमेंट बदलत बसू नका, बिट काढा, नळी उपडी करून ठोका, काळा भुगा पडेल, बिटाचा आतला भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत घाला, संपलं. बिट अडकलं असेल तर पकडीने पिळू नका, आतलं अभ्रक तडकतं. हळूहळू दोन्ही बाजूला फिरवत काढा, आणि यापुढे महिन्यातून एकदा तरी बिट बाहेर काढत जा म्हणजे जाम होणार नाही.

पहिल्या प्रकाराकडे येऊ. या जुन्या साध्या आयर्नमध्ये थर्मोस्टॅट वगैरे काही नाही. जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता हवेत निघून जायला लागेपर्यंत तो तापत राहतो, जिथे दोन्ही बरोबर होतं तिथे थांबतो, बस. म्हणजे जास्त तापत असेल तर एकतर आत जास्त जातंय नाहीतर बाहेर कमी निघतंय. खोलायच्या आधी दोन्ही बाहेरूनच तपासता येतं, फक्त मल्टीमीटर पाहिजे, दोनशे-अडीचशे रुपयांवाला पिवळाही चालेल.

आत किती जातंय त्याची पहिली तपासणी म्हणजे घरचं व्होल्टेज. आमचं घर डीपीच्या अगदी जवळ. संध्याकाळी पंपांचा लोड असला की २१८ दाखवतं, रात्री अकरानंतर २५२. नियमाने २३० च्या वरखाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये पाहिजे, पण डीपीच्या शेजारी राहणाऱ्याला नियम कोण सांगतो. आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात हे लोक विसरतात. २५२ भागिले २३० केलं तर वाढ साडेनऊ टक्के वाटते, पण वर्ग केला की वॅटमध्ये वाढ २० टक्के, म्हणजे ३५ चा आयर्न रात्री ४२ चा होतो. तुमचा आयर्न दिवसा ठीक आणि रात्रीच बिघडत असेल तर तो बिघडलेलाच नाही, उगाच खोलू नका, खाली डायोडचं सांगितलंय तेवढं करा.

दुसरी तपासणी ओहमची, म्हणजे तार करंटला किती अडवते त्याची, खरी मजा इथे आहे. आयर्न गार, पिन हातात, मीटर २ हजार ओहमच्या रेंजला (२५ वॅटचा असेल तर २० हजारच्या, कारण तो २ हजारच्या वर जातो) आणि पिनच्या दोन काड्यांना प्रोब लावा. किती यायला पाहिजे ते काढायचं सोपं आहे, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. मग २५ वॅटला २,११६ ओहम, ३५ ला १,५११, ६० ला ८८२. एलिमेंटमधल्या नायक्रोम तारेचे ओहम गरम झाल्यावर फक्त थोडेसेच टक्के वाढतात, बल्बच्या तारेसारखे दहापट नाही, म्हणून गार असताना आलेला आकडा भरवशाचा धरायचा. पाच-दहा टक्के इकडेतिकडे असेल तर सोडून द्या.

माझा आला १,१५०.

यायला पाहिजे होता १,५११. म्हणजे २३० वर हा आयर्न ३५ चा नाही तर ४६ वॅटचा, आणि आमच्या रात्रीच्या २५२ वर सरळ ५५ चा. छोट्या नळीत, छोट्या बिटावर ५५ वॅट, मग ट्रॅक उचलणार नाही तर काय. बऱ्याच जणांना इथे उलटं वाटतं, की तार कमी झाली म्हणजे उष्णता कमी. तसं नाही, व्होल्टेज तेच राहतं, तार जेवढी आखूड तेवढा करंट जास्त आणि तेवढा आयर्न जास्त तापतो, आणि जास्त तापला की तार लवकर तुटते, तुटली की कोणीतरी परत आखूड करून जोडतो.

ते कोणीतरी म्हणजे आमचे नानाच निघाले. त्यांना फोन करून आकडा सांगितला तर हसत म्हणाले, "अरे भो, तार तुटनी का दोन येढा सोडाना, पीळ माराना, काम व्हई जास." असं किती वेळा केलं विचारलं तर म्हणे कोणी मोजलंय. दुकान चालू ठेवायचं तर दुसरा इलाज नव्हता, एलिमेंट मागवायचं तर जळगावला नाहीतर मुंबईला माणूस जायची वाट बघायची, त्यामुळे मी त्यांना काही बोललो नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, आकडा अपेक्षेच्या एकदम चौथा हिस्सा आला, म्हणजे ३५ वॅट लिहिलंय आणि मीटर ३८० च्या आसपास दाखवतंय, तर तो आयर्न ११५ व्होल्टवाल्या देशातून आलेला आहे. कोणाच्या काकाने अमेरिकेतून आणलेला, भंगारात मिळालेला, असे असतात. तो २३० वर लावला तर चौपट वॅट, काही मिनिटांत धूर. त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरच पाहिजे, दुरुस्ती वगैरे काही नाही.

प्रोब पिनवर असतानाच आणखी एक बघून घ्या, एक प्रोब पिनच्या काडीवर आणि दुसरा बिटावर, सगळ्यात मोठ्या रेंजला. काहीच दाखवायला नको. दहा-वीस मेगाओहमच्या खाली काही दाखवत असेल तर आतला अभ्रक ओला झालाय किंवा फुटलाय. माळ्यावर पावसाळे काढलेल्या आयर्नमध्ये दमटपणा असतोच, दिवसभर कडक उन्हात ठेवून परत मोजा, आपल्याकडे उन्हाची काय कमी. कोणा इलेक्ट्रिशियनकडे मेगर (जास्त व्होल्टेज देऊन लीक तपासायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर बघून घेणं सगळ्यात चांगलं. लीक तसंच राहिलं तर तो आयर्न एलिमेंट बदलेपर्यंत लावायचाच नाही.

आता खोलू. मोबाईलवर फोटो काढत काढत खोला, परत बसवताना उपयोगी पडतात. आधी बिटाचा स्क्रू, मग मुठीकडचे दोन, मग वायर धरून ठेवणारी पट्टी. गंजलेल्या स्क्रूला जोर लावू नका, एक थेंब तेल टाका आणि चहा घेऊन या. आत नळीभोवती किंवा वायरींवर पांढरी-राखाडी, कापसासारखी नाहीतर दोरीसारखी वीण दिसली तर थांबा. जुन्या आयर्नमध्ये ती ॲस्बेस्टॉस असू शकते आणि नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून आहेच असं समजून चाला. फुंकर मारायची नाही, ब्रशने झाडायचं नाही, पॉलिश पेपर तर अजिबात नाही. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून ओलं करायचं, चांगला मास्क लावायचा, ओलं असतानाच चिमट्याने काढून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवायचं आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून फडकंही त्याच पिशवीत टाकायचं. त्याच्या जागी फायबरग्लासची स्लीव्ह मिळते ती वापरा. एवढा खटाटोप नको वाटत असेल तर असा आयर्न शोकेसमध्ये ठेवा, मी काही म्हणणार नाही.

माझ्यात वीण नव्हती, नुसता अभ्रक. एलिमेंट बाहेर काढलं तर नानांच्या पिळाच्या तीन गाठी अगदी ओळीने दिसल्या, आणि मध्ये एका जागी अभ्रकाचा तुकडा उडून वरचे वेढे खालच्या वेढ्यांना टेकलेले. म्हणजे थोडी तार कापून कमी झाली आणि थोडी आपसात शॉर्ट होऊन. नखाने हलवलं तर मीटरवर आकडा १,१५० वरून १,२९० वर गेला आणि परत आला. असा हलता आकडा दिसला की ते एलिमेंट दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

तरी हौस म्हणून वाइंडिंग करायचंच असेल तर हिशोब सांगतो. ०.०८ मिलीमीटर नायक्रोम तार मीटरला साधारण २१९ ओहम पडते, म्हणजे १,५११ साठी जवळपास ७ मीटर. केसापेक्षा थोडीशीच जाड तार, ७ मीटर, बोटाएवढ्या नळीवर, एक वेढा दुसऱ्याला न टेकता, थरामध्ये अभ्रकाचा कागद घालून. मी एक रविवार घातला, साडेपाच मीटरवर तार तुटली, घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. नवीन एलिमेंट आणा. आणताना नळीचा आतला व्यास, एलिमेंटची लांबी आणि वॅट लिहून न्या, जुनं एलिमेंट खिशात न्या, आणि दुकानातच मीटर लावून ओहम बघा, कारण पुडक्यावर ३५ आणि आत ६० असं माझ्या बाबतीत झालंय. हल्लीचे सिरॅमिक एलिमेंट जुन्या नळीत बसत नाहीत, अभ्रकवालंच बघा. मला जळगावला दोन-तीन दुकानं फिरून नाही मिळालं, शेवटी भुसावळला एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलेलं सापडलं.

बसवताना एलिमेंटच्या टोकांना वायर सोल्डर करू नका, हसू नका, असं करणारे आहेत, आयर्न तापला की तोच जोड वितळतो. स्क्रूवाला चिनी मातीचा कनेक्टर किंवा क्रिम्प, आणि नळीपासून कनेक्टरपर्यंतच्या उघड्या तारेवर चिनी मातीचे मणी नाहीतर फायबरग्लास स्लीव्ह. टू पिन वायर काढून टाका, कितीही जुनी आणि सुंदर असली तरी. तीन तारांची उष्णता सहन करणारी वायर घाला, हिरवी नळीच्या स्क्रूला, स्क्रूखालचा गंज घासून. मग बिट ते थ्री पिनची मोठी काडी, मीटरवर एक ओहमच्या आत यायला पाहिजे.

बिटाबद्दल जरा सविस्तर, कारण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. जुनं बिट म्हणजे अख्खं तांबं. सोल्डरमधलं कथिल तांबं खात राहतं, टोकाला खड्डे पडतात, मग आपण कानस मारतो, असं करत करत बिट आखूड होतं, आणि आखूड बिट जास्त गरम होतं, कारण बाहेर उष्णता सोडायला अंगच उरत नाही. नानांचं बिट बोटाच्या एका पेराएवढं राहिलं होतं. तेवढ्याच जाडीचा तांब्याचा गज आणून लांब बिट करा. या आयर्नमध्ये टेंपरेचर कंट्रोल म्हणतात तो हाच: स्क्रू ढिला करून बिट बाहेर ओढलं की टोक गार, आत ढकललं की गरम. अर्धा सेंटिमीटर ओढून बघा, फरक लगेच कळतो. फक्त निम्म्यापेक्षा जास्त बाहेर काढू नका, मग नळी आतून रिकामी राहते आणि एलिमेंट जळतं. आणि हो, कानस फक्त तांबड्या बिटाला, चंदेरी मुलामा असलेल्या नवीन बिटाला कानस मारली की ते बिट मेलं. नव्या तांब्याच्या बिटाला पहिल्यांदा तापतानाच कल्हई करायची, राळेत बुडवून सोल्डर वितळायला लागलं की लगेच चारी बाजूंनी लावायचं, आधी तापू दिलं की काळं पडतं आणि मग सोल्डर धरतच नाही. जुने लोक नवसागराच्या वडीवर घासायचे, त्याने होतं लख्ख, पण धूर खोकला आणतो आणि नवसागर उरला तर बोर्ड खातो, म्हणून मी राळच वापरतो.

एलिमेंट मिळालंच नाही आणि ओहम हलत नाहीये, नुसता कमी आहे, तर एक जुगाड आहे आणि तो खरंच चांगला आहे. एका प्लॅस्टिकच्या स्विच बॉक्समध्ये फेजच्या तारेत १एन४००७ डायोड टाकायचा. डायोड अर्धी लाट अडवतो त्यामुळे वॅट बरोबर निम्मे होतात, ५५ चे साडेसत्तावीस, पीसीबीच्या कामाला एकदम फिट. डायोडला समांतर एक स्विच लावा, स्विच दाबला की डायोड बाजूला पडतो आणि आयर्न पूर्ण ताकदीवर, तापवताना दाबायचा, मग सोडायचा. डायोड मुठीत घालू नका, तिथे तो भाजून मरतो. डायोड नसेल तर सिरीजमध्ये ६० चा तारेचा बल्ब लावा, एलईडी बल्बने हे काम होत नाही. बल्बवाला डिमरही चालतो. पण यातलं काहीही ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या आयर्नच्या मागे लावायचं नाही, डायोडमधून एकाच दिशेने करंट गेला की ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि जळतो.

ट्रान्सफॉर्मरवरून आठवलं, कंपन्यांच्या भंगारात वेलर कंपनीचे जुने मॅग्नास्टॅट सोल्डरिंग स्टेशन येतात, २४ व्होल्टवाले. त्यांचं डोकं वेगळं चालतं. बिटाच्या बुडाला एका खास धातूची टिकली असते, ती आतल्या लोहचुंबकाला ओढून धरते आणि स्विच चालू राहतो, ठरलेल्या तापमानाला टिकलीतली चुंबकीय ओढ जाते, स्प्रिंग चुंबकाला मागे खेचतं, टिक, बंद. बिटाच्या बुडावर आकडा असतो, ६ म्हणजे ३१५ अंश सेल्सियसच्या आसपास, ७ म्हणजे ३७०, ८ म्हणजे ४२५. तेव्हा तो जास्त तापतोय असं वाटलं तर आधी आकडा बघा, ८ चं बिट असेल तर तो आपलं काम करतोय. टिक टिक ऐकूच येत नसेल आणि तापतच चालला असेल तर बिट काढून गार झाल्यावर हँडलच्या प्लगवर ओहम मोजा. बिट नसताना स्विच उघडा पाहिजे, मीटरने काही दाखवायला नको. ११-१२ ओहम दाखवत असेल तर स्विचचे पॉइंट चिकटलेत, स्विच बदला. आणि कोणी घरी बनवलेलं बिट साध्या लोखंडाच्या टिकलीचं असेल तर ते कधी बंदच होणार नाही, लोखंडाची चुंबकीय ओढ ७७० अंश होईपर्यंत नाहीशी होत नाही.

शेवटची चाचणी. बाहेर ओट्यावर लावा, पहिली दहा मिनिटं थोडा धूर, थोडा वास येणार, तेल आणि ओल जळते. ६०/४० सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं आणि १९० पर्यंत पूर्ण पातळ होतं, बिट ३२० ते ३७० मध्ये असलं की काम छान होतं. मीटरसोबत थर्मोकपल (तापमान मोजायची तार) असेल तर बिटावर सोल्डरचा मोठा थेंब ठेवून त्याचं टोक थेंबात बुडवून थोडाच वेळ धरा. त्या बंदुकीसारख्या लेझरवाल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, चकचकीत धातूवर ते खूप कमी दाखवतात. मोजताना कुलर बंद ठेवा. मी आधी कुलरच्या झोतात मोजत होतो आणि ३१० बघून खूश होतो, लाईट गेली-आली, कुलर बंद राहिला तर तोच आयर्न ३६० वर. मे महिन्यात तर खोलीच ४३-४४ असते, जानेवारीच्या पहाटेपेक्षा बिट तेवढंच वीस-तीस अंश वर जाणार, तेव्हा एक पेर बिट बाहेर ओढून ठेवतो.

नवीन एलिमेंट घातल्यावर माझा आला १,४९०. नानांना परत फोन केला, तर पहिला प्रश्न हाच, की जुनं एलिमेंट फेकलं तर नाही ना, त्यात अजून बरीच तार आहे म्हणे.